हाड जुळल्यावर आपोआप विरघळणारी प्लेट : अजून सर्रास का मिळत नाही?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. आईचं मांडीचं हाड गेल्या वर्षी मोडलं होतं. प्लेट आणि स्क्रू बसवले, हाड छान जुळलं. पण आता जिना चढताना आणि कुशीवर झोपताना त्या जागी टोचतं म्हणते. सर्जन म्हणाले, त्रास होतच राहिला तर पुन्हा ऑपरेशन करून प्लेट काढता येईल. आईचं वय ६८, त्यात मधुमेह. पुन्हा भूल, पुन्हा जखम, या विचारानेच आम्ही धास्तावलोय.

त्या निमित्ताने वाचत बसले. शरीरात विरघळणारे मॅग्नेशियमचे स्क्रू आहेत म्हणे. तांदळाच्या दाण्याहून लहान आणि काम झाल्यावर विरघळणारा पेसमेकरही अमेरिकेत तयार झालाय. हे सगळं शक्य असेल तर २०२० नंतरच्या काळातही आपल्याला स्टील आणि टायटॅनियमच का बसवतात? पैशाचा प्रश्न आहे, की विज्ञानच अजून तिथवर पोचलेलं नाही? इथे डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, म्हणून विचारतेय.

सुलभाआजी

आईंना लवकर बरं वाटो. माझ्या गुडघ्यातही धातू आहे. थंडीत त्याची आठवण राहते. वाचतेय.

हाडांचा_डॉक्टर

मृण्मयीताई, आधी एक सांगतो. आईंची प्लेट काढायची की नाही हे त्यांचा एक्स-रे बघणाराच ठरवेल. इथे मी फक्त सर्वसाधारण माहिती देतो.

विरघळणारी इम्प्लांट्स वापरात नाहीत असं नाही. गुडघ्यातला लिगामेंट फाटला की नवा बसवताना तो हाडात पकडून ठेवायला स्क्रू लागतो. तो स्क्रू कित्येकदा विरघळणाऱ्या पॉलिमरचाच, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचाच असतो. इथल्या क्रिकेट-कबड्डी खेळणाऱ्या एखाद्याच्या गुडघ्यात असेलही. धातूचं म्हणाल तर मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपात २०१३ साली मान्यता मिळाली, पायाच्या अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड सरळ करण्याच्या ऑपरेशनसाठी. अमेरिकेत अशा धातूच्या स्क्रूला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी.

यात सगळी छोटी हाडं आहेत हे लक्षात घ्या. मांडीच्या हाडावर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तिथे चार-सहा महिने न वाकता, न तुटता टिकेल आणि मग निघून जाईल, असं साहित्य आज माझ्या टेबलावर नाही.

शंकासुर

की असू दिलं जात नाही? दुसरं ऑपरेशन म्हणजे दुसरं बिल. विरघळणारी प्लेट आली तर निम्मी हॉस्पिटलं बसतील.

हाडांचा_डॉक्टर

शंकासुर, बहुसंख्य रुग्णांची प्लेट आम्ही काढतच नाही. त्रास नसेल तर ती जन्मभर तिथेच राहते. त्यामुळे तुम्ही म्हणता ती कमाई मुळात फारशी नाहीच.

भट्टीवाला

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी डॉक्टर नाही. पुण्यात मिश्रधातूंच्या ओतकामात आयुष्य गेलं, त्यामुळे धातूच्या बाजूने लिहितो.

मॅग्नेशियम शरीरात घालायची कल्पना नवी वाटते, पण एकोणिसाव्या शतकातच, १८७८ साली, एडवर्ड ह्यूज नावाच्या अमेरिकी डॉक्टरने रक्तवाहिनी बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली होती. पुढे १९०६-०७ च्या सुमारास बेल्जियमचे अल्बां लांबॉत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडाला मॅग्नेशियमची प्लेट लावली आणि ती पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत प्लेटचा भुगा झाला आणि कातडीखाली वायू साठला.

असं का झालं? मॅग्नेशियम हा भलताच उतावळा धातू. पाण्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रॉक्साइड बनतं आणि हायड्रोजन सुटतो. हिशोब करून बघा, एक ग्रॅम मॅग्नेशियम पुरतं गंजलं तर साधारण एक लिटर हायड्रोजन निघतो. हे सावकाश झालं तर शरीर तो वायू शोषून घेतं. झपाट्याने झालं तर कातडीखाली फुगे. आपल्या अंगातलं पाणी तर खारट आहे, आणि मिठातलं क्लोराइड मॅग्नेशियमवरचा संरक्षक थर टिकू देत नाही. त्यात लांबॉतनी शेजारी पोलाद ठेवलं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि त्यातला जास्त उतावळा धातू भराभर खाल्ला जातो. बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच कारणाने. जस्त जातं, पोलाद वाचतं. लांबॉतच्या रुग्णात बळी गेला तो प्लेटचा.

पुढची शंभर वर्षं धातुशास्त्राने मुख्यतः मॅग्नेशियमला धीर धरायला शिकवलं. एक उपाय शुद्धतेचा. लोखंड, निकेल, तांबं यांचा अगदी किरकोळ अंश राहिला तरी धातूच्या आतच लाखो छोट्या बॅटऱ्या तयार होतात. दुसरा उपाय मिश्रणाचा. कॅल्शियम, जस्त, यिट्रियमसारखी मूलद्रव्यं मोजून घालायची. तिसरा म्हणजे वरून लेप.

मृण्मयी_क

भट्टीवालाकाका, फार छान समजावलंत. पण मग मॅग्नेशियमचाच हट्ट कशाला? एवढा उतावळा आहे तर दुसरा धातू घ्यावा ना.

भट्टीवाला

रास्त प्रश्न. दोन कारणं आहेत. पहिलं, शरीराला तो परका नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतंच, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत. जे विरघळेल ते शरीर वापरेल, नाहीतर लघवीतून टाकून देईल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धातू किती ताठ आहे याचं माप गिगापास्कलमध्ये देतात. हाड २० च्या आसपास, मॅग्नेशियम ४५, टायटॅनियमचे मिश्रधातू ११० च्या जवळ, स्टेनलेस स्टील २०० च्या घरात. प्लेट हाडापेक्षा दहापट ताठ असली की सगळा भार तीच उचलते. हाडाला कामच उरत नाही, आणि काम न करणारं हाड विरळ होत जातं. मॅग्नेशियम या बाबतीत हाडाच्या सगळ्यात जवळचा.

जस्तावरही बरंच संशोधन चालू आहे. त्याचा वेग मॅग्नेशियम आणि लोखंड यांच्या मधला, म्हणजे पुष्कळ सोयीचा. पण शुद्ध जस्त मऊ असतं. लोखंड मजबूत, पण शरीरात इतकं हळू गंजतं की वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

कोकणकडा

+१. उत्तम धागा. कर्जाचे हप्ते आपोआप विरघळवणारा मिश्रधातू निघाला तर त्यावरही लिहा काका.

नानासाहेब_रत्नागिरी

माझी अँजिओप्लास्टी २०१८ ला झाली. त्याआधी दोन-तीन वर्षं पेपरात मोठमोठ्या बातम्या यायच्या, विरघळणारा स्टेंट (अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळी) आला, आता धमनीत कायमचा धातू राहणार नाही. मी हौसेने डॉक्टरांना म्हटलं, तोच बसवा. ते म्हणाले, आला तसा गेला. का गेला ते कळलं नाही. इथे कुणी सांगेल का?

शंकासुर

मी सांगतो. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. विरघळणारा स्टेंट विकणं परवडेना, कंपनीने गाशा गुंडाळला. यात विज्ञान कुठून आलं?

स्पंदन

शंकासुर, किंमत-मर्यादेची गोष्ट खरी आहे, पण तिचा निष्कर्ष तुम्ही काढता तो निघत नाही. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, तो काळ मी आतून पाहिलाय.

फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. विरघळणारा स्टेंटही या दुसऱ्या वर्गातच धरला गेला. त्याआधी चांगल्या स्टेंटची किंमत लाखाच्या घरात जायची. हजारो घरांचा त्या निर्णयाने जीव वाचला असं माझं स्पष्ट मत आहे. पण सप्टेंबर २०१७ मध्ये 'अ‍ॅब्सॉर्ब' नावाच्या त्या स्टेंटची विक्री जगभर थांबली. अमेरिकेत तर त्याला जुलै २०१६ मध्ये परवानगी मिळाली होती. तिथे किमतीवर कुठलीही मर्यादा नव्हती, तरी जेमतेम सव्वा वर्षात तो गेला.

नानासाहेब, कारण असं. हा स्टेंट पॉलिलॅक्टिक आम्लाचा होता. या पॉलिमरचं पाण्याने हळूहळू विघटन होऊन लॅक्टिक आम्ल बनतं. व्यायाम करताना स्नायूंत तयार होतं तेच. पुढे त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. तीन वर्षांत स्टेंट नाहीसा. पण पॉलिमर धातूइतका मजबूत नसतो, म्हणून जाळीच्या काड्या जाड कराव्या लागल्या, साधारण १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगल्या धातूच्या स्टेंटच्या काड्या ८० मायक्रॉनच्या. धमनीत जाड काडी म्हणजे रक्तप्रवाहात अडथळा, आणि अडथळ्याभोवती गुठळी होते. नेदरलँड्समधल्या 'आयडा' चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. दोन वर्षांत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण विरघळणाऱ्यात ३.५ टक्के, धातूच्यात ०.९ टक्के. हृदयाच्या धमनीत गुठळी म्हणजे थेट हार्ट अटॅक. एवढा फरक बघितल्यावर मी माझ्या रुग्णाला तो कसा बसवणार?

आणखी एक गोष्ट त्या अनुभवातून कळली. पॉलिमर वरून झिजत जात नाही. पाणी त्याच्या आतपर्यंत शिरतं आणि लांब साखळ्या सगळीकडे तुटू लागतात. त्यामुळे ताकद आधी जाते, वस्तू मागून जाते. बाहेरून जाळी शाबूत दिसते, पण आतून ठिसूळ झालेली असते. काडी धमनीच्या भिंतीत नीट रुतून तिच्यावर पेशींचं अस्तर आलं असेल तर चालतं. नसेल, तर तुटलेला तुकडा रक्तप्रवाहात लोंबकळतो.

नानासाहेब_रत्नागिरी

डॉक्टर, मनापासून आभार. आज इतक्या वर्षांनी उलगडा झाला. माझा धातूचाच बरा म्हणायचा.

स्पंदन

तुमचा धातूचा उत्तम आहे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

भट्टीवाला

स्पंदन यांनी 'ताकद आधी जाते, वस्तू मागून' असं लिहिलं, ते वाचून थांबलो. मृण्मयीच्या प्रश्नाचं मर्म माझ्या मते तिथेच आहे. विरघळवणं अवघड नाही. कधी विरघळायचं हे साहित्याला समजावणं अवघड. स्लॅब ओतल्यावर सेंटरिंग कधी काढायचं हे मिस्त्री ठरवतो, सिमेंट जमलंय का बघून. इथे सेंटरिंगने स्वतःच निघून जायचंय. आणि मधुमेही माणसाचं हाड सहा महिन्यांत जुळणार की दहा, हे त्या प्लेटला कोण सांगणार?

हाडांचा_डॉक्टर

अगदी नेमकं. विशीतला तरुण, साठीची मधुमेही बाई आणि तंबाखू खाणारा माणूस, तिघांची हाडं जुळायचा वेग वेगळा. स्टीलची प्लेट सावकाश जुळणाऱ्यालाही सांभाळून घेते.

धन्वंतरीभक्त

पाश्चात्त्यांना आत्ता सुचतंय. आपल्याकडे सुश्रुताने आतडं शिवायला मोठ्या काळ्या मुंग्या वापरायला सांगितलंय. मुंगीने दोन कडा चावून धरल्या की धड तोडायचं, डोकं टाक्यासारखं राहतं आणि पुढे शरीर ते जिरवतं. विरघळणारं इम्प्लांट आमच्याकडे तेव्हापासून आहे!

अनंतपुरीकर

मुंग्यांचा उल्लेख सुश्रुतसंहितेत खरोखर आहे, आणि तो मला थक्क करतो. आतडं शिवताना आत राहणारी वस्तू शरीराला चालेल अशी हवी, हे त्या माणसाला उमगलं होतं. पण 'तेव्हापासून आहे' म्हणून थांबलो तर पुढचं काम कुणी करायचं?

मी कामानिमित्त बरीच वर्षं तिरुवनंतपुरमला राहतो, म्हणून इथलं एक उदाहरण देतो. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी भारतीय बनावटीची हृदयाची झडप तयार केली. परदेशी झडप आपल्या लोकांच्या आवाक्याबाहेर होती. पहिले नमुने टिकले नाहीत. उघडझाप करणाऱ्या चकतीसाठी कृत्रिम नीलमही वापरून पाहिला, तोही मागे पडला. शेवटी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची (एका चिवट प्लास्टिकची) चकती ही जोडी जमली. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. त्यानंतर एक लाखाहून जास्त झडपा बसवल्या गेल्या आहेत. याच वलियाथनांनी नंतर चरक आणि सुश्रुतावर ग्रंथ लिहिले. जुन्याचा मान ठेवायचा तो असा, प्रयोगशाळेत घाम गाळून. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

धन्वंतरीभक्त

वलियाथनांबद्दल माहीत नव्हतं. नमस्कार त्यांना. तरी मुंग्यांचं श्रेय द्यायला हवंच.

अनंतपुरीकर

ते दिलंय की!

कवडसा

मी मुंबईत हृदय-शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. मृण्मयीने लिहिलेल्या पेसमेकरबद्दल मला बोलायचंय, कारण त्याची गरज मी रोज बघते.

ओपन हार्ट ऑपरेशननंतर काही दिवस हृदयाचा ठेका बिघडू शकतो. म्हणून सर्जन हृदयावर बारीक तारा टाकून त्या छातीतून बाहेर काढतात आणि बाहेरच्या पेटीला जोडतात. ठेका स्थिर झाला की तारा ओढून काढायच्या. बहुतेक वेळा सहज निघतात. पण तारेभोवती ऊती जमलेल्या असल्या तर ओढताना इजा होऊ शकते. चंद्रावर पाय ठेवणारे नील आर्मस्ट्राँग २०१२ साली गेले. बायपासनंतर अशाच तारा काढल्यावर त्यांना आतून रक्तस्राव झाला होता, हे नंतर उघड झालं. तारा काढायच्या दिवशी आम्ही सगळेच सावध असतो. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर फारच. अक्रोडाएवढं हृदय असतं हो.

पश्चिमवारा

कवडसा, तुमचं वाचून लिहायला बसलो. मी शिकागोला असतो, जैववैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रातच काम करतो. हा पेसमेकर इथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि इगोर एफिमोव्ह यांच्या गटाने केला. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा शोधनिबंध आला. माप ऐका: १.८ मिलिमीटर रुंद, ३.५ लांब, १ मिलिमीटर जाड. सिरिंजच्या सुईतून आत जातो.

२०२१ साली याच गटाने आधीचा विरघळणारा पेसमेकर केला होता. त्याला बाहेरून रेडिओलहरींनी वीज द्यायची, म्हणून अँटेना लागायची आणि आकार मोठा व्हायचा. नव्यात अँटेनाच काढून टाकली. छातीवर एक मऊ पट्टी चिकटवतात. ठेका चुकल्याचं तिला कळलं की ती अवरक्त प्रकाशाचा झोत सोडते. तो प्रकाश कातडी आणि हाडांमधून आत पोचतो, पेसमेकरमधला प्रकाशाने चालणारा स्विच चालू होतो आणि हृदयाला ठोका मिळतो.

मग वीज कुठून येते? भट्टीवालाकाका, हे खास तुमच्यासाठी. त्याला दोन वेगवेगळ्या धातूंचे इलेक्ट्रोड आहेत आणि शरीरातलं खारट पाणी त्यांच्यामध्ये येतं. बस. तीच बॅटरी.

भट्टीवाला

अरे वा! म्हणजे लांबॉतची प्लेट ज्याने आठ दिवसांत खाल्ली, त्याच गंजण्यावर हृदय चालवायचं! शंभर वर्षं आम्ही जी क्रिया थोपवत आलो, ती यांनी कामाला लावली. आणि बॅटरी संपली म्हणजे उपकरणही विरघळत आलं, वेगळं काढायला काही उरतच नाही. रॉजर्सच्या गटाला माझा दंडवत कळवा.

पश्चिमवारा

जरूर, योग आला तर. पण उत्साहात एक गोष्ट निसटायला नको. हा प्रयोग लहानमोठ्या प्राण्यांवर आणि अवयवदात्यांच्या, मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी हृदयांवर झालाय. जिवंत रुग्णावर वापरण्याचा टप्पा अजून बाकी आहे. बातम्यांचे मथळे वाचले तर तो उद्या दवाखान्यात येईल असं वाटतं.

कवडसा

थांबायची तयारी आहे. बाळांसाठी आला तरी खूप.

शिल्पा_पुणे

मी मुलांची प्लास्टिक सर्जन. मृण्मयी, तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू सांगते. विरघळणारी प्लेट सर्रास मिळत नाही असं तुम्ही म्हणता, पण माझ्या कामात ती फार पूर्वी आली. काही बाळांच्या कवटीचे सांधे वेळेआधीच जुळतात, मेंदूला वाढायला जागा मिळत नाही. मग कवटीची हाडं सुटी करून पुन्हा मांडावी लागतात. तिथे धातूची प्लेट लावली तर कवटी बाहेरून वाढते, आतून झिजते, आणि प्लेट हळूहळू आत मेंदूच्या बाजूला सरकू शकते. म्हणून लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांच्या संयुक्त पॉलिमरची प्लेट वापरायची पद्धत पडली. अमेरिकेत १९९० च्या दशकात तिला मान्यता मिळाली. साधारण वर्षभरात ती जिरून जाते. इथे भार कमी, हाड पटकन जुळणारं, आणि धातू राहिला तर धोका. तिन्ही गोष्टी जमून आल्या.

मला सगळ्यात भावलेली घटना मिशिगन विद्यापीठातली. २०१२ साली एका तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेची डावी शाखा इतकी मऊ होती की श्वास सोडताना ती मिटायची. ग्लेन ग्रीन आणि स्कॉट हॉलिस्टर यांनी त्याच्या स्कॅनवरून पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या पॉलिमरची खास नळी त्रिमितीय छपाईने बनवली आणि त्या शाखेला बाहेरून बसवली. ती पूर्ण बंद नळी नव्हती. एका बाजूने उघडी ठेवली होती, म्हणजे बाळ वाढेल तशी ती पसरेल. तीन वर्षांत श्वासनलिका बळकट होते, तोवर नळी विरघळते. इथे ताकदीबरोबर बाळाच्या वाढीचाही विचार केला गेला.

कोकणकडा

शिल्पाताई, हे वाचून अंगावर काटा आला. आता मस्करी बंद, नुसतं वाचतो.

गोदाकाठ

मला एक वेगळं विचारायचंय. वडिलांना मधुमेह, गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या बंद होत आल्यात. पायाची जखम भरत नाही. फुग्याने रक्तवाहिनी उघडली, काही महिन्यांत पुन्हा बंद. हृदयासारखा स्टेंट पायात का घालत नाहीत?

स्पंदन

गोदाकाठ, तुमची काळजी समजते. आणि विरघळणाऱ्या स्टेंटची कहाणी 'आला तसा गेला' इथे संपत नाही, हेही या निमित्ताने सांगता येईल.

गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या बारीक आणि लांब असतात. तिथे धातू कायमचा ठेवायला डॉक्टर कचरतात, कारण पुढे पुन्हा उपचार करायची वाट अडते. म्हणून फुगाच वापरतात, आणि तुमच्या वडिलांना आला तोच अनुभव पुष्कळांना येतो. ज्या कंपनीने अ‍ॅब्सॉर्ब मागे घेतला, तिनेच काड्या पातळ करून, साधारण १०० मायक्रॉनवर आणून, पायासाठी नवी जाळी तयार केली. २६१ रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात रक्तवाहिनी पुन्हा न मिटता, पाय न कापता राहिलेल्यांचं प्रमाण फुग्यात ४४ टक्के, विरघळणाऱ्या जाळीत ७४ टक्के. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. हृदयात जी हरली, ती पायात जिंकली.

आपल्याकडेही वापीच्या एका कंपनीने १०० मायक्रॉन काड्यांचा विरघळणारा स्टेंट हृदयासाठी बनवला आहे. तुमच्या वडिलांसाठी काय योग्य ते रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवून ठरवा, पण वेळ दवडू नका. जखम काळी पडू लागली, ताप आला, तर त्याच दिवशी जा.

गोदाकाठ

डॉक्टर, उद्याच नेतो. खूप आधार वाटला.

शंकासुर

४४ आणि ७४ मधला फरक मान्य करतो. पण हे आपल्या तालुक्याच्या गावी कधी पोचणार? नवं साहित्य आलं की पहिली दहा वर्षं ते पैसेवाल्यांचं असतं. हा मुद्दा मी सोडणार नाही.

अनंतपुरीकर

सोडूही नका. वलियाथनांची झडप याच प्रश्नातून निघाली होती.

मृण्मयी_क

सगळ्यांचे किती आभार मानू! दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचतेय, आईलाही वाचून दाखवला. सेंटरिंगचा दाखला तिला फार आवडला. आता मूळ प्रश्नावर येते. @हाडांचा_डॉक्टर, टोचतंय म्हणून प्लेट काढायचीच का? आणि काढली तर हाड पुन्हा मोडायची भीती असते का?

हाडांचा_डॉक्टर

मृण्मयीताई, तीन गोष्टी त्यांच्या सर्जनना विचारा.

दुखतंय ते प्लेटमुळेच का, हे आधी नक्की करा. कुशीवर झोपल्यावर टोचणं हे प्लेट किंवा स्क्रूचं डोकं कातडीखाली लागत असल्याचं लक्षण असू शकतं. पण जिना चढताना दुखणं गुडघ्याच्या झिजेमुळे, कमरेतून किंवा मांडीच्या स्नायूंच्या अशक्तपणामुळेही असू शकतं. प्लेट काढली आणि दुखणं तसंच राहिलं, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

मग हाड खरोखर पूर्ण जुळलंय का ते बघायचं. एक्स-रे दोन्ही बाजूंनी हवा, शंका असेल तर सीटी स्कॅन.

आणि तुम्ही विचारलेली भीती खरी आहे. स्क्रू काढले की त्या भोकांपाशी हाड काही काळ कमजोर राहतं. भोकं भरून यायला काही महिने लागतात, तोवर जपून चालावं लागतं. मधुमेह असेल तर जखमेचा धोकाही वाढतो, त्यामुळे साखर आटोक्यात आल्याशिवाय घाई नको. कधीकधी पूर्ण प्लेट न काढता फक्त टोचणारा एखादा स्क्रू काढूनही भागतं, हेही विचारून घ्या. मांडीचे व्यायाम मनापासून केल्यावर पुष्कळांचं दुखणं इतकं कमी होतं की ऑपरेशनचा विषयच मागे पडतो.

सुलभाआजी

व्यायामाचं अगदी खरं. माझी फिजिओ मुलगी मला रागावून करून घेते. आईंना माझा निरोप सांग, कंटाळा करू नका म्हणावं.

कवडसा

मृण्मयी, अजून एक. डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर कंपनी, माप, बॅच नंबर आणि धातू कुठला ते लिहिलेलं असतं. पुढे काढायची वेळ आली तर कुठला स्क्रू-ड्रायव्हर लागेल हेही त्यावरून कळतं. एमआरआय करायची वेळ आली तरी ते दाखवावं. लोक फाइल हरवतात, मग ऐनवेळी धावपळ होते. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव.

मृण्मयी_क

कवडसाताई, फाइल सापडली. स्टिकर आहे, टायटॅनियमचा मिश्रधातू लिहिलंय. फोटो काढून भावाला आणि मला दोघांना पाठवून ठेवला. पुढच्या आठवड्यात सर्जनना भेटतोय, डॉक्टरांनी लिहिलेले तिन्ही प्रश्न कागदावर उतरवून नेतेय. काय म्हणाले ते इथे लिहीन.

भट्टीवाला

जरूर लिही. तोवर जस्ताच्या मिश्रधातूंवर मी सविस्तर वेगळा धागा काढतो. पश्चिमवारा, तुम्ही इलेक्ट्रोडवर लिहाल का?

पश्चिमवारा

लिहितो काका. शनिवारी.